वेशीपलीकडचे आरोग्य

पोळ्याचे बैल ठाणावर परतले की दुसऱ्या दिवशी सकाळपासून नागपूरच्या इतवारी-महाल भागात पाय ठेवायला जागा उरत नाही. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून या रस्त्यांनी मिरवत आली आहे, असे या शहरात सांगतात. बांबू-कागदाची ती प्रचंड स्त्रीमूर्ती, तिच्या मागोमाग त्या त्या वर्षाच्या अनीतीचे सोंग घेऊन निघालेले बडगे, आणि खोकल्या-तापापासून महागाईपर्यंतच्या सगळ्या इडापीडेला तिने आपल्याबरोबर घेऊन जावे म्हणून हजारो कंठांतून उठणारी आळवणी, हा सोहळा ज्याने लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिला असेल त्याला तो जन्मभर विसरता येत नाही. मिरवणूक संपते, मारबत जाळली जाते, आणि रोगराई शहरातून हद्दपार झाली या समाधानाने लोक घरी येऊन उरलेल्या करंज्या खातात.

या आळवणीत एक फार जुनी समजूत दडलेली आहे. गावाला वेस असते, वेशीच्या आत आपण असतो, आणि रोग ही बाहेरून आलेली, म्हणून बाहेर घालवता येण्याजोगी वस्तू असते. महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांत पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा सजवून, त्यावर नैवेद्य ठेवून तो शिवेपर्यंत ओढत नेत आणि पुढच्या गावाच्या रानात सोडून देत. पुढचे गाव तो आपल्या शिवेपलीकडे लोटी, आणि असा तो गाडा गावोगाव फिरत राही. या प्रथेला कोणी भाबडी म्हणेल. परंतु ज्या काळी पटकीचे कारण ठाऊक नव्हते आणि औषधही नव्हते, त्या काळच्या माणसाने आपली भीती चार जणांत वाटून घेण्याची ती रीत होती. मात्र गाडा ओढणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नव्हती. गाडा ज्या ओढ्याच्या काठाने जाई, त्या ओढ्यातून पटकी आपल्या वाटेने आधीच पुढच्या गावी पोहोचलेली असे.

सार्वजनिक आरोग्य हा विषय डॉक्टरांचा आहे असे आपण समजतो, आणि ते अर्धेच खरे आहे. रोग्याला बरे करणे हे वैद्यकाचे काम. पण तो रोगी होऊच नये यासाठी जे करावे लागते त्यात नळाचा फिटर, नालीतला गाळ उपसणारा सफाई कामगार, धरणाचा शाखा अभियंता, शाळेचा मुख्याध्यापक, वेधशाळेतला हवामानशास्त्रज्ञ आणि तहसील कचेरीतला अव्वल कारकून या सर्वांचे हात लागतात, आणि हे हात निरनिराळ्या खात्यांचे, निरनिराळ्या कायद्यांनी बांधलेले, निरनिराळ्या साहेबांना जबाब देणारे असतात. प्रत्येक खात्याला हद्द असते. पाण्याला, डासाला आणि उन्हाला ती नसते. या विजोडाची गोष्ट सांगायला नागपुराइतके सोयीचे शहर विरळा, कारण येथे एकेका थेंबाचा प्रवास बोट ठेवून दाखवता येतो.

भोसल्यांच्या काळापासून हे शहर तलावांवर जगत आले. १८६४ साली येथे नगरपालिका स्थापन झाली आणि पुढच्या दशकात अंबाझरीचा बांध वाढवून तेथून शहराला पाणी देण्याची व्यवस्था झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गोरेवाडा तलाव आला, १९४० च्या सुमारास कन्हान नदीवरची योजना आली, आणि ऐंशीच्या दशकापासून पेंच नदीचे पाणी येऊ लागले. आज नागपूरकराच्या पेल्यातील पाण्याचा मोठा भाग मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचा असतो. ते तोतलाडोहच्या जलाशयात साठते, पण हा प्रकल्प दोन राज्यांचा संयुक्त आहे आणि त्याच्या भोवतीचे अरण्य व्याघ्रप्रकल्पाचे आहे. पाणी सोडण्याचा अधिकार जलसंपदा खात्याचा, त्यावर होणारी वीज दोन्ही राज्यांत वाटलेली, पाण्यावर पहिली आशा लावून बसलेला कालव्याकाठचा शेतकरी पारशिवनी-मौद्याकडचा, आणि मग नवेगाव खैरीच्या बंधाऱ्यातून, महादुल्याच्या उपसा केंद्रातून गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्रात पोहोचल्यावर ते प्रथम महानगरपालिकेचे होते. २०१९ च्या जुलैत, वर चौराई धरणात पाणी अडल्यामुळे आणि पावसाने ओढ दिल्यामुळे तोतलाडोह तळाला गेला, तेव्हा नागपुरात दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. त्या दिवसांत ज्यांनी रात्री जागून पिंपे भरली त्यांना कळले, की आपल्या मोरीतील तोटीचे एक टोक दुसऱ्या राज्यात आहे.

दिवसाआड पाण्याचा आणि आरोग्याचा संबंध केवळ गैरसोयीचा नाही. नळ सतत चालू असला म्हणजे नलिकेच्या आत दाब राहतो, आणि नलिकेला कोठे बारीक चीर पडली असली तरी पाणी आतून बाहेर झिरपते. परंतु पुरवठा बंद झाला की दाब उतरतो, नलिकेत पोकळी निर्माण होते, आणि त्याच चिरेतून शेजारच्या गटारातील घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी नळ सोडताच पहिल्या काही घागरींतून तीच घरात येते. शुद्धीकरण केंद्रात कितीही चोख काम झाले तरी शेवटच्या शंभर हातांत सगळे वाया जाऊ शकते, ते असे. नागपूरने धरमपेठ विभागात आधी प्रयोग करून पुढे साऱ्या शहराला चोवीस तास पाणी देण्याचा संकल्प सोडला आणि २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे वितरण सोपवले. त्या कराराच्या आर्थिक बाजूवर शहरात पुष्कळ वादंग झाले आहे आणि चोवीस तासांचे वचन सर्व वस्त्यांत पुरे झालेले नाही. पण संकल्पामागचे आरोग्यशास्त्र मात्र निर्विवाद आहे.

घाण पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले तर काय होते, याचा भयंकर वस्तुपाठ दिल्लीने दिला. १९५५ च्या पुरानंतर यमुनेने पात्र बदलले आणि नजफगडच्या नाल्याचे मैलापाणी उलटे वजिराबादच्या उपशापर्यंत चढले. पुढे डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० माणसांना कावीळ झाली. क्लोरीन वाढवल्यामुळे विषमज्वराचे जंतू मेले, कावीळीचा विषाणू मात्र टिकला. नदीच्या पात्रावर एक खाते, नाल्यावर दुसरे, आणि जलशुद्धीवर तिसरे डोळा ठेवून होते. तिघांच्या मधल्या जागेतून विषाणू शहरात शिरला. या घटनेनंतर दोन-तीन वर्षांतच, १९५८ साली, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ साली तिचे नाव बदलले, आणि आज तिला सारे जग ‘नीरी’ म्हणून ओळखते. पाण्यातील फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने काढण्याची ‘नालगोंडा पद्धत’ याच संस्थेने दिली. देशाच्या पाण्याची चिंता वाहणारी ही संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहराच्या पोटातून नाग नदी वाहते, आणि ती आता बहुतेकांच्या तोंडी नाग नालाच झाली आहे, ही गोष्ट येथल्या माणसाला लागते.

नदीचा नाला कसा झाला हे सांगताना एका परक्या माणसाची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नागपूरच्या नगरपालिकेसाठी एक अहवाल लिहिला. ज्या काळी प्लेगच्या धास्तीने जुन्या पेठा पाडून सरळ रुंद रस्ते काढणे हाच आरोग्याचा एकमेव उपाय मानला जाई, त्या काळी हा मनुष्य गल्ल्यांतून पायी हिंडला, ओट्यांवर बसलेल्या बाया पाहिल्या, विहिरी मोजल्या, आणि म्हणू लागला की शहराला कापून काढू नका. एखादे पडके घर हलवून तेथे चार झाडांचे चौक करा, हवा आपोआप खेळेल, आणि उठवलेला गरीब दुसऱ्या कोंदट वस्तीत जाऊन पडणार नाही. तलाव बुजवून मलेरिया हटवू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी हिंदुस्थानातील आपल्या अहवालांत सांगितले, की तलावात मासे आणि बदके सोडा, डासांच्या अळ्या ती खातील आणि उन्हाळ्यात शहराला गारवा देणारे पाणीही राहील. नदीचे खोरे हाच विचाराचा घटक धरला पाहिजे, डोंगरमाथ्यावरचा लाकूडतोड्या आणि मुखाजवळचा कोळी यांचे नशीब एकाच प्रवाहाने बांधलेले आहे, हे त्यांचे आवडते सूत्र होते. आज महानगरपालिकेच्या मलेरिया-फायलेरिया विभागाचे कर्मचारी विहिरींत आणि साचलेल्या पाण्यांत गप्पी मासे सोडतात, तेव्हा नकळत का होईना, ते गेडिस यांचेच बोलणे ऐकत असतात.

त्यांचे मोठे बोलणे मात्र ऐकले गेले नाही. खोऱ्याचा एक कारभारी होण्याऐवजी शहराचेच दोन झाले. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, आणि १९५१ पासून नगरपालिकेच्या जागी महानगरपालिका आली. रस्ते आखणे, भूखंड पाडणे, बांधकामाला मंजुरी देणे हे शहराच्या बऱ्याच भागांत प्रन्यासाकडे, आणि त्या भूखंडांवर राहायला आलेल्या माणसांचा कचरा, पाणी, गटार आणि ताप पालिकेकडे, अशी ही वाटणी. दोन्ही संस्थांत निष्ठेने काम करणारी माणसे होती व आहेत; प्रन्यासाने उद्याने केली, खेळाची मैदाने राखली, हे नाकारता येत नाही. परंतु शहर जेव्हा भराभर वाढले आणि शेतांचे तुकडे करून विकलेल्या जागांवर घरे उठली, तेव्हा त्या वस्त्या कोणाच्या, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे नागपुरात आता नुसते आकडे राहिलेले नाहीत, त्यांची वस्त्यांची नावेच झाली आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ही घरे नियमित करण्याची वाट उघडली, तरी विकासशुल्क एका कचेरीत भरायचे आणि गटारासाठी अर्ज दुसरीकडे करायचा, यात अनेकांची उमेदीची वर्षे गेली. गटार नाही म्हणून शोषखड्डा, शोषखड्ड्यापासून दहा हातांवर विहीर, आणि विहिरीच्या पाण्याने मुलाला हगवण. आजाराची ही साखळी कोणत्याही एका दप्तरात सलग लिहिलेली सापडत नाही.

आजाऱ्याचा प्रवासही असाच तुकड्यातुकड्यांचा आहे. नागपूरच्या माणसाला नुसते ‘मेडिकल’, ‘मेयो’ किंवा ‘डागा’ म्हटले की पुरते. मेडिकल आणि मेयो ही रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याची. बाळंतपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाणारे डागा सार्वजनिक आरोग्य खात्याचे. पाचपावलीचे सूतिकागृह आणि इमामवाड्याचे सांसर्गिक रोगांचे रुग्णालय पालिकेचे. आणि हिंगण्याच्या किंवा कुहीच्या खेड्यातून येणाऱ्याला ज्याने चिठ्ठी दिली ते प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी हे तिघेही डॉक्टर, तिघांचेही काम लोकांचे आरोग्य, पण तिघांच्या खुर्च्या तीन इमारतींत.

एक उदाहरण घेतो. डेंग्यूचा ताप चढलेला मुलगा मेडिकलमध्ये दाखल होतो, त्याच्या रक्ताची तपासणी होते, तो बराही होतो. पण ज्या डासाने त्याला चावा घेतला तो आशीनगर किंवा नेहरूनगर झोनमधल्या एखाद्या घराच्या कूलरमध्ये जन्मलेला असतो, आणि मेडिकलच्या वॉर्डातून तो कूलर दिसत नाही. म्हणून रुग्णाचा पत्ता त्याच दिवशी महानगरपालिकेच्या दहा झोनांपैकी योग्य त्या झोनकडे जाणे, तेथील पथकाने त्या घराच्या आसपासची घरे पिंजून काढणे आणि पिंप, कुंडी, टायर, कूलर रिकामे करून घेणे, हा डेंग्यूवरचा खरा उपचार होय. पत्ता चार दिवस उशिरा गेला तर उपयोग नाही. कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच पुरतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असे सांगतात त्याचे गणित हेच. आणि नुसते पाणी ओतून भागत नाही; एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते, ती कोरडी होऊनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या वर्षी कूलरमध्ये पाणी भरताच फुटतात. यास्तव टाकी घासली पाहिजे. ज्या घरात उन्हाळा संपल्यावर कूलर न घासता गच्चीवर चढवला जातो, त्या घराने पुढल्या साथीचे बियाणे जपून ठेवलेले असते.

हत्तीरोगाची कथा आणखी शिकवणारी आहे. त्याचा डास क्युलेक्स, आणि तो घाणेरड्या पाण्यात, तुंबलेल्या नाल्यांत वाढतो. रोगाचे सूक्ष्मकृमी रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून तपासणीसाठी कर्मचाऱ्यांना रात्री लोकांची दारे ठोठवावी लागतात. ज्याच्या रक्तात ते असतात त्याला वर्षानुवर्षे काहीच त्रास होत नाही. पाय सुजू लागतो तोवर तो कितीतरी शेजाऱ्यांना रोग देऊन बसलेला असतो. म्हणून औषध रोग्याला नव्हे, सर्व गावाला द्यावे लागते. २०१९ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल ही तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम झाली. देशात ही त्रिऔषधी पद्धत ज्या जिल्ह्यांनी प्रथम अंगीकारली त्यांत नागपूर होते. धडधाकट माणसाला, काहीही दुखत नसताना, समोर उभे राहून गोळ्या गिळायला लावणे हे किती अवघड काम आहे ते आशा सेविकेला विचारावे. तेथे शिक्षक, सरपंच, नगरसेवक, मौलवी, अंगणवाडी सेविका असा जो कोणी त्या वस्तीच्या विश्वासातला असेल त्याचा शब्द उपयोगी पडतो. आणि गोळ्या दिल्या तरी नाला तसाच तुंबलेला राहिला तर डास तसेच राहतात. म्हणजे पुन्हा स्वच्छता विभाग, पुन्हा प्रन्यास, पुन्हा ग्रामपंचायत.

मे महिन्यातले नागपूर ज्याने पाहिले नाही त्याला ऊन हा आरोग्याचा विषय का व्हावा हे समजणार नाही. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ अंशांवर गेला. शरीराचे तापमान ३७ अंश. बाहेरची हवा त्याहून तापली म्हणजे अंगातली उष्णता हवेला देण्याचा मार्ग बंद होतो आणि घाम वाळण्यावरच सारी भिस्त राहते. अंगातले पाणी संपले, किंवा रात्रीही भिंती तापलेल्या राहून शरीराला विसावा मिळाला नाही, की मेंदू आणि मूत्रपिंडे यांवर घाव पडतो. वाळ्याचे पडदे, कैरीचे पन्हे, डोक्या-तोंडाला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा ही आमच्या लोकांची पिढीजात शहाणी साधने आहेत. पण ती घर असलेल्याची साधने आहेत. रिक्षा ओढणारा, डांबराचा रस्ता करणारा, कॉटन मार्केटात पोती वाहणारा आणि पत्र्याच्या खोलीत राहणारी म्हातारी यांच्यासाठी शहरालाच पन्हे करावे लागते.

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवले, आणि २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती-आराखडा केला. २०१६ साली नागपूरने आपला केला. त्यात यंत्रसामग्री फारशी नाही. निरोप पोहोचवण्याची एक वाट आणि प्रत्येकाने काय करायचे याची आधीच ठरवलेली वाटणी, एवढाच त्याचा ऐवज. हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. तेथून लाटेचा अंदाज महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे येतो, आणि त्याच्याकडून रुग्णालये, शाळा, वाहतूक पोलीस, उद्यान विभाग, कामगार खाते यांच्याकडे जातो. मेडिकल आणि मेयोत उष्माघाताच्या रुग्णांसाठी थंड कक्ष उघडतात, शाळा सकाळच्या होतात, एरवी दुपारी कुलूपबंद असणारी उद्याने सावलीसाठी खुली राहतात, पाणपोया लागतात, आणि भर दुपारी चौकांतील सिग्नल काही तास बंद ठेवतात, कारण तापलेल्या डांबरावर दुचाकीस्वाराला मिनिट-दीड मिनिट उभे करणे हीच इजा आहे. मला या सबंध आराखड्यात ही सिग्नलची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पोलीस खात्याच्या कोणत्याही नियमपुस्तकात उष्माघात हा शब्द नसेल. तरी एक शिपाई खांबाजवळचे बटण दाबतो आणि त्या क्षणी तो आरोग्य खात्याचा माणूस होतो.

आणि येथेच कूलरची गाठ पुन्हा पडते. मे महिन्यात एक विभाग ज्या कूलरला प्राणरक्षक म्हणून गौरवतो, त्याच कूलरच्या मागे जुलैत दुसरा विभाग नोटीस घेऊन लागतो. दोन्ही विभाग बरोबर आहेत. नागपूरची कोरडी हवा कूलरला अनुकूल, म्हणून तो गरिबाच्या घरातही शिरला. पावसाळी दमट हवा आली की त्याचा गारवा संपतो आणि डबके उरते. उन्हाळी सूचनापत्रकाच्या शेवटी कूलर घासून ठेवण्याची एक ओळ छापायला काही खर्च येत नाही, फक्त दोन विभागांतील माणसे एकदा एका टेबलाशी बसावी लागतात.

ती बसू शकतात याचा पुरावा दरवर्षी अशोक विजयादशमीला मिळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दर वर्षी देशभरातून लाखो माणसे येतात; रेल्वेने, एसटीने, ट्रकने, कित्येक पायीही. उघड्यावर रात्र काढणारा एवढा जनसमुदाय एका शहरात दोन-तीन दिवस राहतो आणि पटकी, हगवण यांची साथ न उठवता परत जातो, ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचे काम दिसत नाही. स्मारक समिती, महापालिका, प्रन्यास, जिल्हाधिकारी कचेरी, पोलीस, रेल्वे, एसटी, मेडिकलचे डॉक्टर आणि समता सैनिक दलाचे स्वयंसेवक या सगळ्यांची बैठक आधीच होते. नळ किती, तात्पुरती शौचालये किती व कोठे, पाण्याचे टँकर कोणत्या वाटेने येणार, प्रथमोपचाराची चौकी कोठे, भोजनदान करणाऱ्या मंडपांतील उरलेले अन्न केव्हा उचलणार, हे ठरते. शौचालय पाण्याच्या नळापासून किती दूर असावे, हा प्रश्न या बैठकीत धार्मिक, सामाजिक किंवा राजकीय नसतो. तो सर्वांचा असतो. ज्या महापुरुषाने महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्याच्या अनुयायांना या भूमीवर स्वच्छ पाण्याचा पेला हातात मिळतो, याचे मोल नुसत्या आरोग्याच्या भाषेत सांगता येणार नाही.

मग तीन दिवसांना जे साधते ते तीनशे पासष्ट दिवसांना का साधत नाही? माणसांच्या स्वभावाला दोष देणे सोपे आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. उत्सवाला तारीख असते, जागा असते, आणि सर्वांवर हुकूम चालेल असा एक अधिकारी तेवढ्यापुरता मान्य झालेला असतो. नित्याच्या कारभारात यांपैकी काहीच नसते. नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी असताना, १९४८ साली, स्थानिक स्वराज्य मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी जनपद योजना आणली होती, तिची आठवण आज फारशी कोणाला नाही. तहसील हा एकच घटक धरून त्यातील गावे आणि लहान नगरे एका जनपद सभेखाली आणावयाची, आणि सरकारी अधिकाऱ्यालाच त्या सभेचा कार्यकारी करून सरकारी अंमल आणि लोकांचा कारभार यांतील भिंत काढून टाकावयाची, असा तो धाडसी विचार होता. त्या सभांजवळ पैसा अपुरा होता आणि अधिकाऱ्याचे वजन लोकप्रतिनिधींवर पडे, ही टीका खोटी नव्हती. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि विदर्भातील जनपद सभा इतिहासजमा झाल्या. नव्या व्यवस्थेने ग्रामीण महाराष्ट्राला पुष्कळ दिले. पण गाव जिल्हा परिषदेकडे आणि नगर नगरपालिकेकडे, ही रेघ तिने ठळक केली. पुढे ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने दोघांनाही सनद दिली. अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता, बाराव्या अनुसूचीतही सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता. दोघांना एकत्र बसवण्यासाठी जिल्हा नियोजन समिती आली, आणि तिच्यात निधीच्या वाटपाइतकी चर्चा नाल्याच्या प्रवाहाची होत नाही.

रेघेच्या दोन्ही बाजूंना नाला मात्र एकच. वाडी, डिगडोह, बेसा अशा शहराला चिकटलेल्या वस्त्या वर्षानुवर्षे नावाने खेडी आणि रूपाने शहर राहिल्या. कन्हानच्या काठी तर पाच-सात मैलांच्या टापूत कामठीची नगरपरिषद, कामठीचीच छावणी परिषद, कन्हान-पिपरीची नगरपरिषद, कित्येक ग्रामपंचायती, वीज केंद्रे आणि नागपूरचे जलशुद्धीकरण केंद्र असे सारे एकाच पात्राकडे तोंड करून बसले आहेत. २०२२ च्या जुलैत खसाळ्याच्या राख-तलावाचा बांध फुटून राख नाल्यांत आणि नदीत उतरली, तेव्हा ती कोणाच्या हद्दीत शिरली हे विचारण्यात अर्थ नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडला, नाग नदीने दोन्ही काठांची घरे बुडवली आणि माणसे दगावली. मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पालिका, प्रन्यास, जलसंपदा खाते असे सगळे एकत्र उभे राहिले. एरवी जे एका टेबलाशी बसत नाहीत त्यांना न्यायासनाने एका रांगेत बसवले.

तरी भांडेवाडीला जे घडले ते सांगितलेच पाहिजे. शहराच्या पूर्वेला भांडेवाडीत दररोज १३० दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र उभे राहिले आणि ते पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला मिळू लागले. वीज केंद्राला संयंत्र थंड करायला पाणी हवे असते, ते पिण्याजोगे असण्याची गरज नसते. जे पाणी कोराडीने पेंचच्या वाट्यातून उचलले असते ते वाचले, नाग नदीत पडणारी घाण तेवढी कमी झाली, आणि पालिकेला मोबदलाही मिळू लागला. एका खात्याचा मैला दुसऱ्या खात्याचा कच्चा माल झाला. देशातील अनेक शहरे हे पाहायला येतात, आणि यावे. पण शहराचे सारेच मैलापाणी अजून गटारवाहिन्यांपर्यंत पोहोचलेले नाही. नाग, पिवळी आणि पोरा या तिन्ही प्रवाहांत ते ठिकठिकाणी मिसळते. दर उन्हाळ्यात गाळ काढायला पालिकेच्या जोडीने इतर सरकारी संस्थाही आपापली यंत्रे पाठवतात, हे चांगले आहे. आणि जपानी अर्थसाहाय्याने नाग नदीच्या शुद्धीची मोठी योजना मंजूर झाली आहे, तिची वाट नदीकाठचा माणूस पाहतो आहे.

तोवर नाग आपल्या वाटेने जाते. पारडीच्या पुढे ती पिवळी नदीला भेटते, दोघी मिळून कन्हानला मिळतात, आणि कुही तालुक्यातील अंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत शिरते. मुकुंदराजांनी विवेकसिंधू येथेच रचला असे विदर्भातील परंपरा मानते. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे, आणि खाली जेथे पूर्वी नद्यांच्या धारा वेगवेगळ्या दिसत तेथे आता गोसीखुर्द धरणाचे फुगलेले पाणी अथांग पसरलेले असते. या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. भंडारा जिल्ह्यातील कितीतरी गावे हेच पाणी पितात, त्यावर मासे धरतात, गुरे पाजतात. काही महिने या पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर दाट होते, कारण वरून येणाऱ्या मैल्यात तिला हवे ते अन्न असते. पवनी-भंडाऱ्याच्या या माणसांना नागपूर महापालिकेच्या निवडणुकीत मत नाही. त्यांचा नगरसेवक त्या सभागृहात बसत नाही. महाशिवरात्रीला अंभोऱ्याला आलेला यात्रेकरू काठावर वाकतो, जलपर्णी हाताने बाजूला सारतो, ओंजळ भरतो आणि देवळाची पायरी चढू लागतो.